काचेतलं पाणी

"पंपाक कोणी हात लावल्यान?"

जयवंत परबांनी विचारलं तेव्हा रुपाली ओट्यापाशी उकड मळत होती. तिने मान वर केली नाही.

"मी कशाला लावू, बाबा? हात बघा माझे कसे भरलेत."

उत्तर जरा जास्तच पटकन आलं, असं परबांना वाटलं. बॉयलरमध्ये पाणी भरून झालं की हातपंपाचा दांडा ते खाली दाबून ठेवत. आज तो वर होता. गेल्या आठवड्यातही दोनदा तसंच झालं होतं. घरात माणसं तीन. मुलगा दीपक माझगावला गोदीत कामाला, सकाळी सातला बाहेर पडायचा. राहता राहिली सून.

मोरीच्या बाजूला तो बॉयलर उभा होता. तांब्याचा, कमरेइतका उंच, खाली गॅसची शेगडी, वरून निघालेली नळी सरळ स्टीलच्या कपाटात शिरलेली. कपाटात चाळणीच्या ताटांवर मोदक मांडायचे, कॉक उघडायचा, की बारा मिनिटांत शंभर मोदक तयार. भोईवाड्यातच नव्हे, दादरपर्यंत रुपालीच्या मोदकांचं नाव होतं.

परब एकतीस वर्षं गिरणीच्या बॉयलर हाउसमध्ये होते. गिरणी मोडली तेव्हा हा छोटा बॉयलर त्यांनी भंगारातून उचलून आणला. माळ्यावर तो कितीतरी वर्षं नुसता पडून होता. रुपालीने घरी मोदक करायला घेतले, तेव्हा त्यांनी तो खाली काढला, चिंचेने घासला, नवे वायसर बसवले, आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी काच बदलली. तेव्हापासून दर रविवारी तळाचा गाळ सोडणं, महिन्याला सेफ्टी वॉल्व्ह तपासणं, हे सगळं त्यांच्याकडे. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे.

आणि आता कुणीतरी हात लावत होतं.

तांदळाच्या डब्यामागे त्यांना एक रंगीत माहितीपत्रक सापडलं होतं. अक्षरं नीट लागली नाहीत, पण विजेवर चालणाऱ्या स्टीमरचं चित्र त्यांनी ओळखलं. दोन दिवसांनी रुपाली फोनवर हळू आवाजात म्हणाली, "नको, बाबांना एवढ्यात नको सांगायला." परब दाराआडच होते.

वरच्या मजल्यावरच्या बंडू नाईकाला त्यांनी हे सांगितलं. रोज दहा वाजता पेपर ऐकायला ते बंडूकडे जात. बंडू मोठ्याने वाचायचा.

"मुद्दाम बिघडवत असतली," बंडू म्हणाला. "बिघडलो काय भंगारात. मग तू काय बोलतलंस?"

परबांनी दुसऱ्या दिवशी दांड्याला काळा दोरा बांधला. बंडूकडून परत आले तेव्हा दोरा तुटलेला होता. त्यांनी तो खिशात ठेवला आणि जेवताना सुनेकडे एकदाही पाहिलं नाही.

अंगारकीला सहाशे मोदकांची ऑर्डर होती. सकाळी सहाला परबांनी शेगडी पेटवली. नऊपासून दारात गिऱ्हाइकं. दहा वाजता ते चपला घालून म्हणाले, "बंडूकडे जातंय," आणि जिन्यापर्यंत जाऊन मागच्या बोळाने मोरीच्या दाराशी येऊन उभे राहिले. फटीतून बॉयलर दिसत होता. रुपाली आली नाही. ती पुढच्या दाराशी डबे भरून देत होती. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. परबांचे पाय भरून आले.

मग ती धावतच आली. मोबाइलची बॅटरी लावून तिने काचेवर धरली आणि दांड्याला हात घातला.

"गावलंस!" परबांनी दार ढकललं. "म्हणजे तूच! किती दिवस चाललाहा ह्या?"

रुपाली दचकली, पण तिने दांडा सोडला नाही. "बाबा, सरका. काच रिकामी आहे."

"माका शिकवतंस? वरपर्यंत भरलेली आसा काच!"

"रिकामी आहे, बाबा! तुम्हाला दिसत नाही!"

पूर्ण भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच दिसायला सारखीच. पाण्याची रेघ दोन्हींत नसते. गिरणीत नव्या माणसाला परब पहिल्या दिवशी हेच सांगत. त्यांनी खाली वाकून तळाजवळचा तपासणीचा कॉक फिरवला. आत पाणी असलं की तिथून फसफसून पाणी येतं. पाणी आलं नाही. नुसत्या वाफेची कोरडी, बारीक शीळ आली.

तो आवाज ओळखायला त्यांना डोळ्यांची गरज नव्हती.

"हात काढ!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरची गिऱ्हाइकं गप्प झाली. "पंप मारू नको! आधी गॅस बंद कर! तापलेल्या तांब्यार थंड पाणी पडला तर फुटतलो तो!"

रुपालीने झटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि गॅस बंद केला. परबांनी तिला दंडाला धरून पुढच्या खोलीत ओढलं. दारातल्या माणसांना तासाभराने यायला सांगितलं. मग दोघं खाटेवर बसली.

"तुम्ही भरलेलं पाणी रोज थोडं कमी असायचं," ती म्हणाली. "तुम्ही वर गेलात की मी भरायची. आज गर्दीत राहूनच गेलं."

"कधीपासून?"

"होळीपासून."

होळीच्या आधीपासूनच आपल्या हातून चहा कपाबाहेर ओतला जातो, हे परबांना माहीत होतं. कप कुणीतरी सरकवतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं.

"माका सांगलंस कशाक नाय?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्या दिवशीच बॉयलर बंद केला असता. ओळखत नाही का मी तुम्हाला? आणि ऑर्डरी घेऊन बसलेली मी." तिने पदराने तोंड पुसलं. "तो विजेचा स्टीमर मी बघितलाय. खोटं कशाला बोलू? दिवाळीनंतर घ्यायचा, असं आमचं चाललंय. आणि तुमचे डोळे दाखवायचे."

"हं," परब म्हणाले. ते उठले, बॉयलरजवळ गेले आणि तांब्यासमोर थोडा लांबून तळहात धरून उभे राहिले. "अजून गरम आसा. वीस मिनिटां थांब. मग पंप तू मार. हळूहळू."

शेवटचे मोदक दुपारी दोनला निघाले. सहाशेतला एकही परत आला नाही की कुणी उशिराबद्दल बोललं नाही. परब कपाटाजवळ स्टूल टाकून बसून होते, कान नळीकडे लावून.

रात्री नऊनंतर चंद्र उगवला. चाळीतल्या बायका गॅलरीत जमल्या. दीपक आला होता, त्याने हात जोडले. रुपालीच्या हातात नैवेद्याचं ताट.

"दिसला का, बाबा?" दीपकने विचारलं.

मागच्या चतुर्थीला आणि तिच्या मागच्यालाही परब सगळ्यांच्या पाठोपाठ "दिसलो" म्हणाले होते.

"खंय आसा गे?" त्यांनी रुपालीला विचारलं.

तिने बोट दाखवलं नाही. त्यांच्या खांद्याला धरून तिने त्यांना थोडं डावीकडे वळवलं. "समोरच्या टॉवरच्या गच्चीवर. टाकीच्या जरा वर. हां, आता सरळ समोर."

परबांनी टोपी सारखी केली आणि त्या दिशेला हात जोडले.