घराची खोड

"हळू सांगा की, माझा टाक पळतोय का घोडा?" मी म्हणाले, तसे झुंबरतात्या आबांकडे बघून हसले.

"सावळाराम, पोरगी न्हवं, मामलेदारीण हाय ही!"

मी फुगलेच. सहावीच्या वर्गात माझ्यासारखं अक्षर कुणाचंच नव्हतं आणि ते साऱ्या बारामतीला ठाऊक असायला हवं, असं माझं स्पष्ट मत होतं.

झुंबरतात्या मूळचे बैलांचे दलाल. हल्ली घरंही विकून देत. आबांकडून त्यांनी शब्द घेतला होता: घर त्यांच्याच हातून विकायचं आणि बैलाच्या सांगतात तशा घराच्या खोडी गिऱ्हाइकाला आधी लिहून द्यायच्या. आबांना इंदापुरात दुकान मिळत होतं. घर विकलं तरच.

"लिही," आबा म्हणाले. "मागली भिंत गळती. आढ्याला वाळवी. शेजाऱ्याच्या पन्हाळीचं पाणी आपल्या अंगणात."

मी झरझर लिहिलं.

"मागल्या खोलीत ठमाबाई."

"ठमाकाकू? काकू खोड आहे?"

"थोरल्या दादाला मरताना शबुद दिलाय, वैनी जित्ती हाय तवर खोली तिची. सांगाय नगं?"

काकू दारातच जोंधळे पाखडत होती. सूप थांबलं नाही.

घेणारे महिपतराव काटेवाडीहून आले होते. कागद वाचून म्हणाले, "वाळवीचं बघू. बाईचं वय काय?"

"दात बघायचं हायती का?" काकूनं विचारलं.

तात्या खो खो हसले. एकटेच.

"वडगावला भाऊ हाय तिचा," आबा घाईनं म्हणाले.

"भाऊ कवाच गेला, भावजी. तुमीच खांदा दिला की."

महिपतराव पागोटं सावरत उठले. "बाईसकट घर मला नगं."

काकूनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याजवळ आली. तिला वाचता येत नव्हतं.

"माजं नाव कंचं गं?"

मी बोट ठेवलं.

"खोड ते."

मी आबांकडे पाहिलं. ते नको म्हणतील म्हणून मी थांबले. ते जमिनीकडे बघत होते.

"खोड, बाय. भावजी, शब्दातनं मोकळं केलं तुमास्नी."

मी खोडलं. सुबक, सरळ रेघ आली.

काकूनं गोधडी आणि तांब्या अंगणात आणून ठेवला. महिपतराव खोली बघायला निघाले.

"डोस्कं जपा," ती बाहेरून म्हणाली. "चौकट लई खाली हाय. तेवढं सांगायचं ऱ्हायलं बगा."