मोजायचे राहिलेले श्वास

“अगं बाई, हा चिमटा आहे की खेकडा? बोट सोडेल तर शपथ!”

माझ्याबद्दल कुणी असं कुरकुरलं की मला बरं वाटतं. कुरकुरायलाही दम लागतो, मित्रांनो, आणि दम बघणं हेच माझं काम. पण त्या सकाळी लॉरेटा एवढं एक वाक्य बोलताना दोनदा थांबली.

मी एक जुना ऑक्सिमीटर आहे. ब्रिस्टलच्या एका इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डात, मी अकरा वर्षं काढली. सुइणींच्या खिशात राहायचं, बोलावलं की बोट धरायचं, त्यातून लाल उजेड सोडायचा आणि रक्तात प्राणवायू किती ते आकड्यात सांगायचं. माझ्या डाव्या कडेला चिकटपट्टी आहे. एकदा मी पेजेच्या वाडग्यात पडलो होतो. कौतुक पुष्कळ झालं. “हा आहे म्हणून सोपं जातं,” असं सगळ्या म्हणायच्या, आणि माझा आकडा बघून झाला की बाळंतिणीकडे बघायचं विसरायच्या. आधी मला याचा अभिमानच वाटे.

एक गोष्ट मात्र मला कुणाला सांगता आली नाही. कारखान्यात माझी परीक्षा ज्या बोटांवर झाली, ती बहुतेक गोरी होती. काळ्या कातडीतून जाताना माझा उजेड अडखळतो, आणि कधी कधी मी खऱ्यापेक्षा चांगला आकडा दाखवतो. खोटं बोलायचं मनात नसतं, पण बोललं जातं. आमच्याकडे तर जमैकाहून आलेल्यांच्या लेकी-नाती कायम बाळंतपणाला येत. त्यांचं बोट धरलं की मला माझ्याच आकड्याची खात्री नसे.

लॉरेटा त्यांतलीच. शहरात बस चालवायची. पोट चिरून मुलगी झाली, त्याला दोन दिवस झाले होते. आईनं घरून आणलेली मक्याची पेज तिनं दोन चमचे खाऊन बाजूला सारली.

“बेथन, मला श्वास पुरत नाहीये गं.”

बेथन तरुण सुईण. मनानं चांगली, एका वेळी नऊ खाटा सांभाळणारी. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पंच्याण्णव दाखवत होतो.

“छान आहे की! घाबरलीयेस तू, राणी. एवढी दणकट बाई, आणि तुम्ही जमैकाकडच्या बायका तर...” ती मध्येच थांबली. “पड जरा.”

कागदावर श्वासांचा एक रकाना असतो. मिनिटभर छातीकडे बघून ते मोजायचे असतात. घाईत राहून जातं, मग अंदाजानं सोळा लिहितात. बेथननंही सोळा लिहिले. मी आतून ओरडत होतो, ‘मोज गं, मोज!’ पण मला आकड्यांपलीकडे बोलता येत नाही.

तासाभरानं लॉरेटानं पुन्हा सांगितलं. डॉक्टर अ‍ॅश्बी दारातूनच माझा आकडा विचारून निघाले. ती चिडली. “अहो डॉक्टर, मी बस चालवते! इंजिनाचा आवाज बदलला की मला कळतं. माझ्या छातीत काहीतरी बिघडलंय!”

“हळू बोला बाई, इथे बाकीच्याही आहेत.”

मग ती गप्प झाली. तिच्या ओरडण्यापेक्षा मला त्या गप्प होण्याचीच धास्ती वाटली.

दुपारी पाळी बदलताना, बेथन अजून निघाली नव्हती तोच, व्हर्ना सिस्टर आल्या. मूळच्या जमैकाच्या, निवृत्तीला चार महिने राहिलेल्या, छातीवर उलटं घड्याळ टाचलेल्या. त्यांनी मला काढून बाजूच्या कपाटावर ठेवलं. नाडी बघतेय असं दाखवून त्या तिच्या छातीकडे बघत राहिल्या. पुरतं एक मिनिट. मग तिचा खालचा ओठ उलटून आतला रंग पाहिला.

“बत्तीस,” त्या म्हणाल्या. “बेथन, डॉक्टरांना बोलाव. मनगटातलं रक्त तपासायचंय.”

“पण सिस्टर, आत्तापर्यंत पंच्याण्णव दाखवत होता...”

“त्या खेकड्याला हिचं काय कळतंय? पळ!”

कुठल्याच कौतुकानं मला एवढा आनंद झाला नव्हता.

रक्तात प्राणवायू सत्त्याऐंशी टक्केच निघाला. फुप्फुसात गुठळी अडकली होती. लॉरेटाची खाट धावत नेली. बाळ आजीच्या मांडीवर राहिलं, आणि मी कपाटावर, नुसत्या दोन रेघा दाखवत. पाच दिवस मला काही कळलं नाही. सहाव्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून आवाज आला, “कुठंय तो खेकडा?” सगळं वाक्य एका दमात.

मग काय चुकलं ते बघायला बैठक झाली. मी टेबलावर, बिस्किटांच्या शेजारी.

“यंत्र जुनं होतं,” डॉक्टर म्हणाले. “टाकून देऊ, नवं मागवू.” सगळ्यांनी सुटल्यासारख्या माना हलवल्या.

मित्रांनो, मला खुशाल टाका. पण नव्याकडे बघून झाल्यावर माणसाकडेही बघा, एवढंच मागणं आहे.

व्हर्ना सिस्टर चहा ढवळत राहिल्या. अशा बैठकांत तीस वर्षं त्या चहाच ढवळत आल्या होत्या.

“यंत्र चुकलं, खरंय,” बेथन एकदम म्हणाली. “पण तिनं तर तोंडानं सांगितलं होतं.”

“बेथन, तू दमलीयेस. चहा घे,” डॉक्टर म्हणाले.

“नकोय मला चहा. त्याच सकाळी पलीकडच्या खाटेवरच्या बाईला जरा धाप लागली, तर मी मिनिटभर उभं राहून मोजले.” तिनं व्हर्ना सिस्टरांकडे पाहिलं. चमचा थांबला होता. “लॉरेटा गोरी असती ना, तर तिचेही मी मोजले असते.”