बारशाची कुंची

मी कुंची बोलतेय. हो, तीच! बाळाच्या डोक्यावर टोपडं आणि पाठीवर झूल. नुसती टोपी म्हणालात तर रुसेन. चंद्रव्वानं लेकीच्या, दाक्षायणीच्या, पहिल्या बाळासाठी मला हिरव्या खणाची शिवली. आत जाड अस्तर, कडेला मोती. मग मी तोरा मिरवणार नाही तर काय!

त्र्याहत्तर सालचा वैशाख. सोलापूरचं ऊन तुम्हाला काय सांगावं! बारशाला आलेल्या बायका पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या, आणि बारा दिवसांची पोर मात्र माझ्यात, वर चादरीत. "काय देखणी कुंची हाय!" जी ती म्हणे. मी खुशीत.

नाव ठेवणारी आत्या बसव्वा मंद्रूपहून यायची होती. तिची एसटी चुकली. आणि चंद्रव्वाचा हट्ट एकच, कानात नाव पडल्याबिगर कुंची उतरायची न्हाय.

पोर आधी रडली, मग कुरकुरली, मग गप्प झाली. बायका म्हणाल्या, "किती गुणाची!" गुणाची कसली? माझ्या अस्तराला चटके बसत होते. अंग लालबुंद, घामाचा थेंब नाही. एवढ्याशा जिवाला तुमच्यासारखा घाम कुठला यायला? अंगातली ऊब डोक्यावाटे जायची, तर तिथं मीच ठाण मांडलेलं. माझा जीव खालीवर होत होता. पण कुंचीचं कोण ऐकतं?

दाक्षायणीनं पाजायला घेतली, तर पोर तोंड उघडेना.

"अव्वा, ही लई तापलीया!"

"ताप आला असंल. आणिक एक चादर आण."

"चादर कशाला? आधी ही कुंची काढ!"

"आगं, नाव न्हाय ठिवलं अजून!"

"पोरच न्हाय ऱ्हायली तर नाव कुणाला ठिवतीस?"

तिनं माझे बंद ओढले आणि मला कोपऱ्यात भिरकावलं. पोरीचं अंग ओल्या फडक्यानं पुसलं, वारा घातला. चंद्रव्वानं फडकं पुन्हा भिजवून आणलं. बऱ्याच वेळानं पोरीनं टाहो फोडला आणि दूध ओढू लागली. बाई गं, इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं!

तेवढ्यात बसव्वा घामानं निथळत आली. "कुंची कुटं हाय?"

"ऱ्हाऊ दे की," चंद्रव्वा डोळे पुसत म्हणाली. "उघडीच ठिव पाळण्यात."

पोरीचं नाव नीलांबिका ठेवलं.

आता ती पाच वर्षांची आहे. माझे मोती गळालेत, खण विटलाय. बायांनो, थंडीत मला खुशाल घाला. उन्हाळ्यात खुंटीवर बरी मी. नीला मला बाहुलीला घालते आणि लगेच काढते. "बाळाला उकडतंय की, आज्जी!"

आणि चंद्रव्वा, तीच चंद्रव्वा, हातातलं काम टाकून पदरानं बाहुलीला वारा घालते.