कांडी कोणी धुवायची

मावशींना सोमवारी नोटीस मिळाली. काचसामान नीट न धुतल्यामुळे संशोधनात अडथळा आला आहे, तीन दिवसांत खुलासा द्यावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. मावशी आमच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं फ्लास्क धुताहेत. त्यांनी धुतलेला फ्लास्क टेबलावर आहे हे कधीकधी कोपर लागल्यावरच कळतं.

"ताई, खुलाशात काय लिहायचं?" त्यांनी मला विचारलं. "धुतलं म्हणून लिहू, की धुतलं नाही म्हणून?"

प्रकरण असं होतं. हृदयाच्या एका जुन्या औषधाच्या रेणूत तीन दुहेरी बंध आहेत, दिसायला अगदी तिळ्या भावंडांसारखे. त्यातल्या मधल्यावरच हायड्रोजन बसवायचा आणि बाकी दोघांना धक्काही लावायचा नाही, म्हणजे औषधाने येणारी चक्कर थांबेल, असा अंदाज. असलं निवडक काम सहसा धातूचे उत्प्रेरक करतात, पण मग गोळीत धातूचा अंश उतरण्याची भीती. आमच्या साहेबांनी ते निव्वळ सेंद्रिय उत्प्रेरकाने करून दाखवलं. म्हणजे फ्लास्कसमोर मी होते, कॅमेऱ्यासमोर साहेब. 'धातूचा अंशही नाही' हे वाक्य त्यांनी त्या वर्षी इतक्या व्यासपीठांवर म्हटलं, की घरी चमचा बघूनही दचकत असावेत.

गेल्या महिन्यात नवीन सामान आलं आणि प्रक्रिया बंद पडली. एकदा नाही, अकरा वेळा. साहेबांनी खुर्चीतून न उठता निदान केलं, "फ्लास्कला साबण राहतोय." नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण ऐकून आहोत. इथे अंगण झाडणारीलाच नोटीस.

मी यादी काढली. जुन्यातलं काय बदललं होतं? फक्त ढवळायची कांडी. ही बोटाच्या पेराएवढी चुंबकाची कांडी फ्लास्कच्या तळाशी गरगर फिरते. नव्या कांड्या पांढऱ्याशुभ्र. माझी जुनी कांडी ओरखडे पडून राखाडी झालेली, कारण या संशोधनाआधी चार वर्षं ती मी पॅलेडियमच्या, म्हणजे धातूच्याच, प्रयोगांत फिरवली होती.

मंगळवारी मावशींनी धुतलेले तीन फ्लास्क घेतले. पहिल्यात नवी कांडी, दुसऱ्यात जुनी. तिसऱ्यात जुनी कांडी, आणि साहेबांचा उत्प्रेरक घातलाच नाही. दुपारी निकाल आले. पहिल्यात शून्य. दुसऱ्यात भरपूर. तिसऱ्यातही तितकंच. साहेबांचा उत्प्रेरक दोन वर्षं नुसता हजेरी लावत होता. काम ओरखड्यांत बसलेला धातू करत होता.

तिन्ही आलेख साहेबांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे मावशींनी ही कांडी नीट धुतली नव्हती," ते म्हणाले. "नोटिशीत तशी दुरुस्ती करू."

काल जास्त साबणासाठी, आज कमी साबणासाठी!

"कांड्या मावशींकडे जातच नाहीत. ज्याची त्याने धुवायची. नियम तुमच्याच सहीचा आहे, सिंकवर चिकटवलाय. ती कांडी माझी. नोटीस माझ्या नावाने काढा."

"तुमच्या नावाने काढली तर कारण लिहावं लागेल."

"लिहा ना."

"मग शोधनिबंध मागे घ्यावा लागेल."

"हो."

साहेबांचा आवाज एकदम घरच्यासारखा झाला. "अहो बाई, गुरुवारी औषध कंपनीची माणसं येताहेत. जुन्या कांडीनेच करून दाखवा ना. आत काय आहे ते त्यांना कुठे दिसतंय?"

"पेशंटला तरी कुठे दिसणार आहे," मी म्हटलं.

साहेबांना तो होकार वाटला. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

चहा यायच्या आत मी जागेवर जाऊन शोधनिबंध छापणाऱ्या संपादकांना पत्र पाठवलं. चूक माझी, कांडी माझी, सोबत तीन आलेख. प्रत साहेबांना, प्रत कंपनीला. मग मावशींचा खुलासा लिहून दिला: 'काचसामान स्वच्छ होते. तपासून पाहावे.' त्यांनी सही केली, दोनदा वाचून.

बुधवारी दोन लिफाफे आले. माझ्यात नोटीस होती, निष्काळजीपणाची. मावशींच्यात एक ओळ: प्रशासकीय कारणास्तव पूर्वीची नोटीस मागे घेण्यात येत आहे.

"सुटलात मावशी," मी म्हटलं.

मावशींनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "चूक झाली असं कुठे लिहिलंय?"

"तसं लिहीत नाहीत हो ते."

"एकोणीस वर्षांत एक फ्लास्क परत आला नाही माझा," मावशी म्हणाल्या. "हा कागद परत जाईल. नीट लिहून आणा म्हणावं."

आणि ओल्या हातांनीच तो कागद धरून त्या साहेबांच्या केबिनकडे निघाल्या. दार ठोठावलं नाही.