एकाच नावाची दोन दुकानं

बेबी चौतिशीला आली तरी घरात बेबीच राहिली होती, आणि तिच्या धंद्याला नेमकं काय म्हणतात हे घरात कुणालाच सांगता येत नसे. आई शेजारणींना सांगायची, "ती लोकांच्या दुकानांचे पत्ते लिहिते." ऐकणारीला वाटायचं, पोरगी पाकिटांवर पत्ते लिहीत असेल. पण आई म्हणायची ते अगदीच खोटं नव्हतं. सुतार कुठे मिळेल, दाताचा डॉक्टर कुठे, चावीवाला कुठे, हे सांगणाऱ्या ऑनलाइन डिरेक्टऱ्यांचं इंटरनेटवर पीक आलंय. त्यांच्यात दुकानाचं नाव, पत्ता, फोन आणि वेबसाइट चढवायची, आणि सगळीकडे अगदी एकसारखी चढवायची, हे बेबीचं काम. एखाद्या डिरेक्टरीत जुना नंबर राहून गेला, की सर्च इंजिनच्या मनात संशय येतो आणि ते दुकानाला मागच्या पानावर ढकलतं. मागच्या पानापर्यंत कोण जातं? बेबीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने हे घडाघडा म्हणून दाखवलं असतं.

साऱ्या गावाची दुकानं वर आणणाऱ्या या पोरीच्या बापाचं दुकान मात्र कुठेच नव्हतं. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. सकाळी शटर वर करायचं, ओळीने मांडलेल्या मशीनांवरची धूळ पुसायची, तेलाची बुधली जागच्या जागी आहे ना पाहायचं आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचं, एवढंच काम उरलं होतं. गिऱ्हाईक आलं नाही तरी दुकान वेळेवर उघडायचं, हा त्यांचा हट्ट. हल्ली संध्याकाळी घरी आले की ते कुणी काही न विचारताच सांगायचे, "आज ऊनच फार होतं, लोक बाहेर पडले नाहीत." दुसऱ्या दिवशी ढग असायचे. तेव्हा ढगांचं कारण निघायचं. बेबीला ते ऐकवत नसे. मग एके दिवशी तिने ठरवलं की पुरे झालं, आता बाबांचं दुकान पहिल्या पानावर आणायचंच.

वेबसाइट झाली. बाबांचा एक फोटो काढला, त्यात ते पोलीस चौकीत बसल्यासारखे दिसत होते, पण दुसरा काढू देईनात. मग बेबीने डिरेक्टऱ्या हातात घेतल्या, आणि पहिल्याच मोठ्या डिरेक्टरीत तिचं घोडं अडलं. तिथे त्याच नावाचं, तोच धंदा करणारं दुकान आधीच होतं. मागच्या गल्लीतलं. काकाचं.

आता यात नवल काही नव्हतं. दुकान मुळात आजोबांचं, त्यांच्याच नावाचं. बाबा आणि काका दोघे भाऊ तिथे शेजारी-शेजारी बसून काम करायचे. बाबांचा हात घरगुती मशीनवर. काकाला मात्र जड मशीनांचं वेड. कातडं शिवायच्या, ताडपत्री शिवायच्या त्या दांडग्या मशीना तो दुकानात आणून ठेवायचा, मग बाबांना पाय ठेवायला जागा उरायची नाही. एकदा असंच एक धूड दारात अडकलं आणि बाबा चारचौघांत बोलून गेले की दुकान माझं आहे, इथे काय ठेवायचं ते मी ठरवीन. काकाने हत्यारांची पेटी उचलली, मागच्या गल्लीत गाळा घेतला आणि वर त्याच नावाची पाटी ठोकली. नाव बापाचं आहे, दादाच्या एकट्याचं नाही, एवढाच निरोप त्याने धाडला. तेव्हापासून दोन भावांत अबोला. दोन दुकानांच्या मागच्या भिंती एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या, आणि दोन्ही घरं एकमेकांना पाठ दाखवून बसलेली.

डिरेक्टरी गोंधळली तर तिला तरी काय दोष द्यायचा? नाव एक, धंदा एक, पत्त्यात गल्लीचाच काय तो फरक. बाबांचे रिव्ह्यू काकाच्या पानावर जाऊन बसले होते, काकाच्या गाळ्याचा फोटो बाबांच्या. डिरेक्टरीने बेबीला रोखठोक विचारलं, की ही दोन्ही दुकानं एकच आहेत, की वेगवेगळी आहेत, की यातलं एक कायमचं बंद झालं आहे? वेगवेगळी म्हणायचं तर दोन्ही पाट्यांचे ताजे फोटो हवे होते, आणि दोन्ही मालकांनी डिरेक्टरीचा फोन उचलून होकार द्यायला हवा होता.

म्हणजे काकाकडे जायला हवं होतं. बेबी गेलीही, खोटं कशाला बोला. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली. गाळ्यात काका एका मशीनीत डोकं खुपसून बसला होता, चष्मा कपाळावर चढवलेला. लहानपणी त्यानेच तिला मांडीवर घेऊन पायडल मारायला शिकवलं होतं. इतक्या वर्षांनी जाऊन म्हणायचं काय? काका, एक फोन येईल, त्याला हो म्हणा? तिला लाज वाटली आणि ती कोपऱ्यावरूनच परतली. संध्याकाळी तिने बाबांपुढे विषय काढून पाहिला. बाबांनी मान वर न करता सांगितलं की त्या दुकानाचं नाव या घरात काढायचं नाही.

मग तिने तिसरा पर्याय दाबला. त्याला पुरावा लागत नव्हता. दुकान चालू आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं; बंद आहे असं कुणीही सांगितलं तरी चालतं. काकाच्या नावापुढे लाल अक्षरांत 'कायमचे बंद' उमटलं, बाबांचं पान स्वच्छ झालं आणि बेबीने स्वतःची समजूत घातली की काकाला अशी किती माणसं इंटरनेटवर शोधत असतील? त्याचं गिऱ्हाईक सगळं जुनं, ओळखीचं. हे तिने कुणाला विचारलं नव्हतं. आपल्याला सोयीचं असलं की विचारायची गरज वाटत नाही.

बाबांचं दुकान वर सरकू लागलं. आधी तिसऱ्या पानावर, मग दुसऱ्या, आणि एक दिवस पहिल्या पानावर पहिल्या ओळीत. फोन खणखणू लागला. बाबांना कानाला लावून नीट ऐकू येत नसे, म्हणून ते फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलायचे, आणि समोरचा काय म्हणतो ते अर्ध्या रस्त्याला ऐकू जायचं. कातड्याच्या मशीनचं करता का, असंही कुणीकुणी विचारायचं. बाबा तोडून टाकायचे, आम्ही करत नाही. बेबीला या फोनांचं काहीच वाटलं नाही. ती हवेत होती. नव्या गिऱ्हाइकांना ती बाबांच्या दुकानाचं उदाहरण द्यायची, आणि आता बाबा घरी आले की हवामानाबद्दल अवाक्षर काढत नसत.

असे काही महिने गेले. एका दुपारी बेबी दुकानात बसली होती, तेव्हा दारात काका उभा राहिला. हातात पेटी. वाळला होता, दाढी वाढली होती. बाबांच्या हातातला पाना हातातच राहिला.

"दादा, गाळा सोडला," काका म्हणाला. "कुणी येईनासंच झालं. तुझ्याकडे रीघ लागलीय म्हणतात. कोपऱ्यात बसू का?"

बाबांनी स्वतःच्या खालचं स्टूल काढलं, फडक्याने पुसलं आणि त्याच्याकडे सरकवलं. मग तोंड फिरवून ते बराच वेळ नुसतंच एक चाक फिरवत राहिले. घरी आईच्या डोळ्याला पाणी आलं. सगळे म्हणाले, देवाने चांगलं केलं. बेबीही म्हणाली. मग खोलीचं दार लावून तिने काकाची नोंद शोधून पाहिली. तिने बंद लिहिलं होतं एकाच जागी, पण मोठ्या डिरेक्टरीतली माहिती लहान डिरेक्टऱ्या उचलतात. हेच तर ती पैसे घेऊन लोकांना समजावत होती. आता जिथे पाहावं तिथे काका कायमचा बंद होता.

तिला तेव्हाच सांगता आलं असतं. पण शेजारी-शेजारी दोन पाठी वाकलेल्या दिसायच्या, दुपारी एकाच किटलीतून दोघांचा चहा व्हायचा, आणि जड मशीन आली की बाबा स्वतःचं सामान बाजूला घेऊन जागा करून द्यायचे. हे मोडायचं कशाला, असं ती स्वतःला विचारायची आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागायची.

फक्त एक गोष्ट तिला बघवत नव्हती. काका पूर्वी आपलं काम कुणाला दाखवत नसे. मशीन झाली की कापडाच्या चिंधीवर एक टाका मारायचा, चिंधी फेकायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, घेऊन जा. आता तो प्रत्येक मशीनीची चिंधी बाबांपुढे धरायचा. टाका सरळ आला का रे दादा? ताण बरोबर वाटतो का? बाबा म्हणायचे, अरे तुझ्यासारखा हात कुणाचा आहे. काका हसायचा. एकदा बेबीला म्हणाला, "हात गेला असणार माझा. आपल्याला आपलं कळत नाही. पण माणसं उगाच यायची थांबतात होय?"

त्या वाक्यावर तिने बोलायला हवं होतं. तिने चहाचे कप उचलले आणि विसळायला नेले.

आणि मग तो फोन आला. दिवस कामाचा होता, दोघे भाऊ आपापल्या मशीनवर, बेबी वेबसाइटसाठी फोटो काढत होती. बाबांनी फोन टेबलावरच घेतला. लांबच्या कुठल्याशा चपलांच्या कारखान्याची मालकीण बोलत होती. तिला जड मशीनवाले हवे होते, मागच्या गल्लीतले. इथे कुणाला त्यांचा ठावठिकाणा माहीत आहे का?

"आहे ना, इथेच आहे," बाबा खुशीत म्हणाले आणि फोन काकाकडे सरकवला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या सांगत सुटल्या, की अहो, किती शोधलं तुम्हाला. आमच्या मशीना बिघडतात वर्षा-सहा महिन्यांनी एकदा, तेव्हा नेटवर नंबर बघायचा आणि लावायचा, हे ठरलेलं. तर नेटवर तुम्ही बंद. आम्हाला वाटलं, गेलात की काय. शेजारचे पिशव्यावालेही हळहळले. दुसऱ्याकडून करून घेतलं, पण तुमच्या हाताची सर नाही त्याला.

काकाने चष्मा कपाळावर चढवला. "बंद? तेव्हा तर मी रोज उघडत होतो, बाई."

"मग असं कोण लिहितं हो?" बाई म्हणाल्या. "तेच बघून आम्ही फोन केला नाही."

बेबीला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. पण जमीन असल्या वेळी कधी कामाला येत नाही. ती पुढे झाली, आपल्या मोबाइलवर ते पान काढलं आणि काकाच्या समोर धरलं. त्याचा गाळा, त्याची पाटी, आणि त्याखाली लाल अक्षरं.

"मी लिहिलं," ती म्हणाली. "तुमची दोघांची नोंद एकमेकांत अडकली होती. तुम्हाला येऊन विचारायला हवं होतं. मी कोपऱ्यापर्यंत आले होते काका, आणि परत फिरले."

बाबा चटकन म्हणाले, "मी सांगितलं होतं तिला लिहायला."

काकाने भावाकडे पाहिलं. दादाला मोबाइलवर साधा फोन कापता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने मोबाइल हातात घेतला आणि आपलं पान अंगठ्याने खाली-वर करून सगळं वाचलं. कुणी कधी लिहिलेले चांगले शब्द होते तिथे, हात सोन्याचा आहे असं एकाने लिहिलं होतं. ते त्याने दोनदा वाचलं. त्याचे ओठ हलताना बेबीला दिसले.

"मी आत्ता बदलते," बेबी म्हणाली. "इथे बटण असतं. माहिती चुकीची आहे असं कळवायचं. सगळीकडे बदलते, आजच."

काकाने मोबाइल तिच्या हातात परत दिला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. "तेव्हा चूक होती, बेबी," तो म्हणाला. "आता कुठे चूक आहे?"

टेबलावरच्या फोनमधून बाई हॅलो, हॅलो करत होत्या. काका फोनकडे वाकला.

"ऐकतोय, बाई," तो म्हणाला. "बरोबर आहे नेटवरचं. बंद झालं ते दुकान. मशीन इकडेच घेऊन या, दादाच्या दुकानात."