सोनदात्याचा पितळी दात

मी एक सोन्याचा दात बोलतोय. सोन्याचा म्हणजे पडद्यावर. पडद्याबाहेर मी पितळेचा आहे, पण हे चारचौघांत बोलू नका. या एका गैरसमजावर मी तीस वर्षं जगलोय.

माझा जन्म एका कवळ्या बनवणाऱ्याच्या दुकानात झाला. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. कवळीवाल्याने मला घासूनपुसून पातळ टोपीसारखं केलं, समोर बसलेल्या हडकुळ्या माणसाच्या सुळ्यावर चढवलं आणि म्हणाला, "हसा बघू." तो माणूस हसला. कवळीवाला खुर्चीसकट मागे सरकला. "पुरे," म्हणाला, "तुम्हाला काम मिळेल."

तो हडकुळा माणूस म्हणजे माझे मालक. तोवर ते सिनेमात पळणाऱ्या गर्दीतले एक होते. मी आल्यावर त्यांची बढती झाली आणि ते गर्दीला पळवणाऱ्यांतले एक झाले. आधी गुंडांच्या रांगेत डावीकडून चौथे, मग दुसरे, मग थेट साहेबांच्या खुर्चीमागे. पुढे स्वतःची टोळी मिळाली, काळा चष्मा मिळाला, आणि लोक त्यांना सोनदात्या म्हणू लागले. अभिनय त्यांचा, नाव माझं. मी काही तक्रार केली नाही.

एरवी हा माणूस पालीला घाबरतो. घरी आईच्या डोळ्यांत थेंब घालताना स्वतःच डोळे मिटतो. पण जगाला कोण समजावणार? रांगेत उभे राहिले की पुढचे लोक आपणहून बाजूला होतात. मालक म्हणतात, "नको नको, तुम्ही आधी आला होतात," की ते आणखीनच घाबरतात. मी काही त्या वेळी तोंडात नसतो. माझं घर मेकअपदादांच्या पेटीत, एका चपट्या डबीत. कामापुरता बाहेर, काम झालं की आत. पण मालक घरच्या गोष्टी मेकअपच्या खुर्चीत बसून सांगतात, म्हणून मला सगळं ठाऊक.

आता आमचा मुख्य व्यवसाय सांगतो. मरणं. आम्ही गोळीने मेलो, गच्चीवरून पडून मेलो, पोहण्याच्या तलावात मेलो, आणि एकदा आमच्याच माणसाने नेम चुकवल्यामुळे मेलो. बहुतेक वेळा मध्यंतराच्या आधीच. मध्यंतरानंतर मरायला मिळालं की मालक त्याला चांगली भूमिका म्हणायचे. माणसाची महत्त्वाकांक्षा किती नम्र असावी!

या सगळ्या मरणांचा त्रास एकाच व्यक्तीला झाला. मालकांच्या आईला. त्या प्रत्येक सिनेमाला हौसेने जायच्या. मुलगा पडद्यावर मेला रे मेला की पदर सावरून उठायच्या, "चला, आपलं काम झालं," म्हणायच्या आणि लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर. तीस वर्षांत या बाईने एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. शेवटी कोणाचं लग्न कोणाशी झालं, त्यांना आजतागायत पत्ता नाही.

आणि मग त्यांची नजर जायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही. वर्षभर दिसेल, पुढचं सांगता येत नाही. त्या दिवशी मेकअपच्या खुर्चीत मालकांनी आरशाकडे बघितलंच नाही. मेकअपदादांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "आई म्हणते, एकदा तरी शेवटपर्यंत जिवंत राहा रे. डोळे आहेत तोवर बघते. बाकी काही मागत नाही ती."

एवढीशी मागणी. पण आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी मागणी नाही.

मालकांनी हातातल्या सिनेमाच्या दिग्दर्शकाला गाठलं. दिग्दर्शक वयाने लहान, म्हणून बोलायला मोठा अदबशीर. "दादा, तुम्ही जिवंत राहिलात तर लोकांना वाटेल सिनेमा संपलाच नाही," तो म्हणाला.

"मग तुरुंगात घाला. जन्मठेप द्या. पण मारू नका."

"कारण?"

"आईला बघायचंय."

दिग्दर्शक जरा विरघळला. शेवटी ठरलं, पोलीस बेड्या घालून गाडीत बसवतात, सोनदात्या मागच्या जाळीतून बघतो, गाडी निघून जाते. ते दृश्य मी स्वतः केलंय. मालकांनी त्यात जे काम केलं ते आधीच्या कुठल्याच मरणात केलं नव्हतं. बेड्या पडताना इतका सुखावलेला गुंड मी दुसरा पाहिला नाही.

इथपर्यंत सगळं ठीक. मग सिनेमा चार शहाण्यांना दाखवण्यात आला, आणि शहाण्यांना एकच गोष्ट खटकली. सोनदात्या सुटला कसा? अर्धं गाव जाळतो आणि नुसता तुरुंगात जातो?

एका सकाळी दिग्दर्शक मेकअपदादांकडे आला. मालक नव्हते, त्यांना बोलावलंच नव्हतं. मारामारीच्या दृश्यांतला एक धिप्पाड गडी आणला होता. त्याला मालकांचा काळा कोट चढवला, जमिनीवर आडवा केला. चेहरा दाखवायचा नव्हता, फक्त तोंड. आणि तोंड कोणाचं हे लोकांना कळावं म्हणून मी. मेकअपदादा डबी उघडताना म्हणाले, "सोनदात्याला एकदा विचारायला हवं होतं." दिग्दर्शक म्हणाला, "दादांना मी सांगतो." सांगितलं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

त्या परक्या तोंडात मला नीट बसताही येईना. सुळा जाड, वास तंबाखूचा. ओठांवर लाल रंग ओतला, कॅमेरा अगदी जवळ आणला, एक आचका, आणि मी चमकलो. मला चमकायचं नव्हतं हो. पण पितळेला आणखी येतं काय?

पहिल्या खेळासाठी निर्मात्याचा निरोप आला, दात लावून या, पाहुण्यांना आवडतं. मेकअपदादांनी मला मालकांच्या हातात दिलं आणि दुसरीकडे बघत राहिले. घरून आईला घेऊन निघताना मालक आनंदात तिला सांगत होते, "आज उठायचं नाही हं. दिवे लागेपर्यंत बसायचं."

नजरेमुळे त्यांना अगदी पहिल्या रांगेत बसवलं. मी मालकांच्या तोंडात. मला सगळं माहीत, आणि तोंडात असूनही मला तोंड नाही. सिनेमाभर आई मालकांचा हात धरून बसल्या होत्या. मध्यंतर झालं, सोनदात्या जिवंत. आईंनी पिशवीतला डबा उघडून लेकाला भरवायचंच बाकी ठेवलं. शेवट आला, बेड्या आल्या, गाडी आली. मालक खुर्चीत पुढे सरकले. गाडी वळणावर थांबली, झटापट झाली, गोळीचा आवाज. आणि मग अख्खा पडदा भरून एक तोंड. रक्त, आचका, आणि दरवाजाएवढा मी.

मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. मालकांनी ओठ घट्ट मिटले. एवढे, की मी त्यांच्या ओठाला आतून टोचलो. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं, पडद्यावर तशी सोय नव्हती. ते हळूच म्हणाले, "चल आई, उठू या."

आई जागच्या हलल्या नाहीत. "का म्हणून? अजून चाललाय की."

"मी मेलो ना, आई."

"तू कुठे मेलास? तो कोण होता देव जाणे." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "माझ्या लेकाचा खालचा दात आडवा आलाय. दुधाचा पडायच्या आधीच दुसरा उगवला, सहा महिने मी डोकं फोडून घेतलं त्याच्यापायी. याचे खालचे दात बघितलेस? ओळीत उभे. म्हणे सोनदात्या! आंधळी झाले तरी एवढं कळतं मला. माझा गाडीत होता तो तुरुंगात गेला. बस खाली."

मालक बसले. दिवे लागेपर्यंत दोघं बसून राहिले. शेकडो डोळस माणसं एका पितळी दाताला फसली, आणि मी तर मनापासून लाजलो. मलाही वाटायचं, माझ्याशिवाय या माणसाला कोणी ओळखत नाही.

आता मी निवृत्त आहे. मालकांनी परत मला मेकअपदादांकडे दिलंच नाही, कपाटाच्या खणात ठेवलं. मी काळवंडलोय, हिरवा पडलोय, खोटं बोलायचं कामही आता जमणार नाही. आईंना आताशा फारसं दिसत नाही. पण खणाशेजारीच त्यांची खाट आहे, त्यामुळे मला ऐकू येतं. तुमच्यापैकी कोणी तो सिनेमा पाहिला असेल, तर हात जोडून सांगतो, त्यांच्यासमोर शेवट काढू नका. आठवड्यातून एकदा तरी त्या लेकाला विचारतात, "काय रे, सुटला का तो?"

आणि मालक त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत, स्वतःचे डोळे मिटून सांगतात, "वागणूक चांगली आहे म्हणतात, आई. सुटेल लवकरच."