खालची बोटभर फट

मी पत्र्याची गोल चकती, आता बरेच वय झालेली. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल, कारण मी घराच्या मागच्या भिंतीवर, बाहेरच्या अंगाला असते. आतल्या लोखंडी शेगडीचे धुराडे लाकडी भिंतीतून जिथे बाहेर येते, तिथे त्याच्या गळ्याभोवती मी बसले आहे. ज्या खोलीची मी राखण करते, ती खोली मी आजवर पाहिलेली नाही.

एका पत्रेवाल्याने मला कातरले, ठोकले आणि आठ स्क्रूंनी इथे बसवले. घरात दोन बहिणी राहत. थोरलीचा कारभार आतला, शेगडी आणि विणकाम. धाकटीचा बाहेरचा, शिडी आणि हातोडी. माझ्या कडेने फटी बुजवायचे, उष्णता सोसणारे लुकण भरून पत्रेवाल्याने धाकटीला बजावले, "ताई, वरून आणि बाजूंनी बंद केलंय. खाली बोटभर फट मुद्दाम सोडलीय. थोडं पाणी आत शिरतंच, ते तिथून निघून जाईल. बुजवू नका हं."

दर वर्षी थंडीच्या आधी धाकटी शिडी लावून यायची. तडकलेले लुकण खरवडायची, नवे भरायची, आणि मला थोपटून म्हणायची, "अजून ठणठणीत आहेस की!" आतून थोरली ओरडायची, "अगं, चहा गार झाला!" तेव्हा मला फार बरे वाटे.

मग एका वर्षी शिडी आलीच नाही. घरात खूप माणसे येऊन गेली, आणि नंतर एकट्या थोरलीचा आवाज उरला.

त्या थंडीत ती स्वतःच स्टूल घेऊन आली. खालची फट दिसताच तिने कपाळाला हात लावला. "धाकटीचं नेहमीचंच! एक काम पुरं करील तर शपथ." आणि तिने फट गच्च भरून टाकली. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

पुढच्या पावसात पाणी आत अडले. भिंत फुगली, काळी पडली, धुराड्यात ओल उतरून शेगडी पेटेना. भाचा येऊन म्हणाला, "आत्या, शेगडी काढून टाकू आणि तू आमच्याकडे चल."

"शेगडीसमोर दोन खुर्च्या आहेत रे," थोरली म्हणाली. "त्या कुठे नेऊ?"

तिने पत्रेवाल्याला बोलावले. तोही आता वाकला होता. त्याने खालचे लुकण खरवडले, तसे काळे पाणी भळाभळा वाहिले.

"ही कुणी बुजवली?"

"मीच. तिनं अर्धवट सोडली होती ना."

"अर्धवट कसली, बाई? मीच सोडायला सांगितली होती. इतकी वर्षं सांभाळली त्यांनी."

थोरलीने वाकून त्या फटीकडे पाहिले. मग म्हणाली, "आणि मी तिला नावं ठेवत बसले."

दोन फळ्या बदलल्या, शेगडी पेटली, माझ्यापर्यंत ऊब आली. मित्रांनो, माझी विनंती एवढीच. कुणी काही मोकळे सोडलेले दिसले, तर बुजवण्याआधी विचारा. आणि विचारायला माणूस आहे तोवरच विचारा.

आता दर थंडीआधी थोरली येते, वरून आणि बाजूंनी लुकण भरते. मग खालच्या फटीत बोट घालून हळूच म्हणते, "पुरं होतं गं तुझं काम."

उत्तर द्यायला इथे मी एकटीच असते, आणि मला तोंड नाही.